उजव्या बाजूची वाढती दुर्बलता

एक्स-रे काढायला शिकवणाऱ्या अभ्यासक्रमात पहिल्याच दिवशी सांगतात की रुग्णाच्या अंगाशेजारी शिशाचे छोटे अक्षर ठेवायचे. उजव्या अंगाला 'आर', डाव्याला 'एल'. हाडांना तोंड नसते, त्यामुळे आपण कोणत्या बाजूचे हे त्यांच्या वतीने अक्षरच सांगते. या रुग्णालयातला 'एल' हरवला होता.

भांडार विभागाचे म्हणणे साधे होते. जुना जमा करा, नवा घेऊन जा. हरवलेला जमा कसा करायचा, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की मग आधी तो सापडू द्या. पुढे नवे डिजिटल मशीन आले आणि अक्षर पडद्यावरच उमटवायची सोय झाली, पण विद्यार्थ्यांनी बिघडवू नये म्हणून त्याचा कीबोर्ड विभागप्रमुखांच्या कपाटात कुलपात असतो. तेव्हा सरसकट 'आर'च लावावा, असे ठरले. एक्स-रेवर अक्षर असले पाहिजे, असा नियम आहे. ते बरोबर असावे, असे नियमात कुठेही म्हटलेले नाही.

याच विभागात शेवटच्या वर्षाला एक मुलगी होती. बसचालकाची भाची, आईवडील नाहीत, मामानेच वाढवलेली. तिला संशोधन करायचे होते, म्हणजे करावेच लागणार होते, कारण संशोधनाशिवाय पदवी मिळत नाही. मशीनला हात न लावता मिळते, पण ती गोष्ट वेगळी.

मार्गदर्शक म्हणून खुद्द विभागप्रमुखच लाभले. संशोधनात डोके लावू नये, डेटा लावावा, हे त्यांचे तत्त्व. भाचीने रुग्णालयातले गुडघ्यांचे सगळे एक्स-रे तपासले आणि ती चक्रावलीच. एकूण एक गुडघा उजवा. तिने सरांना सांगितले की हा आपल्या अक्षराचा घोळ आहे. सर मात्र भारावून गेले होते. उभ्या आयुष्यात इतका एकमुखी डेटा पाहिला नाही, म्हणाले. ती पुन्हा अक्षरावर आली तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुला पदवी हवी आहे, की 'एल' हवाय?"

तिच्या शिक्षणापायी मामाने जादा पाळ्या केल्या होत्या. क्लच दाबून दाबून त्याचा डावा गुडघा कामातून गेला होता. तिने पदवी मागितली.

'उजव्या बाजूची वाढती दुर्बलता' हा तिचा निबंध परिषदेत वाचला गेला आणि गाजला. कुणी ऐकला नाही म्हणूनच गाजला, असे काही जळके लोक म्हणतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नये. शहरात जिन्यांना उजव्या बाजूनेच कठडे बसू लागले. शाळांनी दप्तर डाव्या खांद्यावर घेण्याचा ठराव केला. विमा कंपन्यांनी तर डावे अंग आजारांतून वगळूनच टाकले, कारण जे दुखतच नाही त्याचा विमा कशाला? मामाने भाचीचा वर्तमानपत्रातला फोटो बसच्या काचेला आतून चिकटवला आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला दाखवत सुटला.

मग एके दिवशी मामाला क्लच दाबवेना. गुडघा बदलायचे ठरले. एक्स-रे काढला, त्यावर अर्थातच 'आर'. शस्त्रक्रियेच्या सकाळी डॉक्टरांनी उजव्या गुडघ्यावर पेनाने खूण केली.

मामा चाचरत म्हणाला, "साहेब, दुखतो तो डावा."

"दुखणं हे तुमचं मत झालं. एक्स-रे हा पुरावा आहे."

भाची शेजारीच उभी होती. मामाचा धडधाकट गुडघा तिच्या डोळ्यांदेखत कापला जाणार होता. पदवी गेली खड्ड्यात, असे म्हणत ती डॉक्टरांना आडवी गेली. आमच्याकडे 'एल'च नाही, सगळे एक्स-रे खोटे आहेत, माझा निबंधही खोटा आहे, असे तिने रडत रडत सांगून टाकले. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि हे कुठे प्रसिद्ध झाले आहे का, असे विचारले. नव्हते. प्रसिद्ध झाला होता तो तिचाच निबंध, आणि त्यात नेमके उलटे लिहिले होते. डॉक्टर हात धुवायला गेले.

तिने मामाचा दंड धरला. "मामा, ऊठ. घरी चल."

मामाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "वेडी का गं तू? एवढी शिकलीस, पेपरात नाव आलं. तू लिहिलेलं खोटं कसं असेल? माझंच काहीतरी चुकत असणार." आणि तो स्ट्रेचरवर आडवा झाला.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली. डावा गुडघा अजून ठणकतो. सुरुवातीला मामा तसे बोलून दाखवायचा. पण आगारात, दवाखान्यात, शेजारीपाजारी सगळ्यांनीच त्याला वेड्यात काढले, तेव्हा तो गप्प झाला. कुणी विचारले तर "आता बरं आहे" म्हणतो आणि भिंत धरून उठतो. ते पाहून भाची दुसऱ्या खोलीत निघून जाते.

हसलात ना मामाला? हसा. मागच्या खेपेला तुमच्या रिपोर्टवर 'सर्व काही नॉर्मल' असे लिहून आले, तेव्हा रात्ररात्र कळवळणारे तुम्हीच घरी येऊन म्हणाला होतात, "मला काही झालंच नव्हतं." त्या दिवशी दुखायचे थांबले होते का हो?