उंदराचं यकृत

"अहो, पण एकदम इतकी माणसं तुमचं वाचायला लागली कशी?" बायकोने विचारलं, आणि डॉक्टरांना ठसका लागला. नेमका हाच प्रश्न त्यांनाही छळत होता.

हे डॉक्टर औषध देणारे नव्हेत. कर्करोगाच्या पेशी काचेच्या बशीत वाढवायच्या, त्यांचे हालहवाल बघायचे आणि त्यावर शोधनिबंध लिहायचे, हा त्यांचा धंदा. खोकल्याचं औषध मागायला आलेले शेजारी रिकाम्या हाताने परत जात आणि 'शिकाऊ असतील' असं म्हणत. दुसऱ्या शास्त्रज्ञाने आपल्या निबंधाचा दाखला दिला की एक सायटेशन जमा होतं, आणि बढती त्यावर ठरते. डॉक्टरांचे दाखले देणारे दोघेच होते: ते स्वतः आणि मेहुणा. मेहुणाही बहिणीने आठवण करून दिली तरच.

यंदा डायरेक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, बढती मिळाली नाही तर लॅबची खोली मोडके फ्रीज ठेवायला जाईल. आणि अचानक, यकृताच्या कर्करोगावरच्या त्यांच्या जुन्या निबंधाला धडाधड दाखले मिळू लागले. एरवी ओळखही न दाखवणाऱ्या डायरेक्टरांनी जिन्यात खांद्यावर हात ठेवला.

"काय जादू केलीत?"

"मलाच कळत नाहीये, सर."

"वा! काय हा नम्रपणा!"

शेवटी, मुलाखतीच्या आदल्या दुपारी, डॉक्टर दाखले देणारे ते निबंध उघडून वाचायला बसले. पहिल्यात लिहिलं होतं, 'पेशींची ओळख न पटवता काम केल्यास काय होतं, याचा हा उत्तम नमुना.' दुसऱ्यात, 'असा घोटाळा टाळावा.' एका पाठ्यपुस्तकात तर विद्यार्थ्यांसाठी चौकटीत त्यांचं नाव होतं आणि वर मथळा होता: हे करू नका. डॉक्टरांना हसावं की रडावं ते कळेना.

"झालंय तरी काय?" बायकोने विचारलं.

"माणसाच्या यकृताच्या म्हणून ज्या पेशी मी वाढवल्या, त्या उंदराच्या निघाल्या."

"मग? उंदराला लिव्हर नसतं?"

"असतं गं, पण..."

"झालं तर मग! उद्या तोंड उघडू नका. लोक नाव घेतायत ना तुमचं?"

"नाव घेत नाहीत, नावं ठेवतायत!"

मुलाखतीला अध्यक्ष म्हणून थोरले सर होते. यकृताच्या कर्करोगात त्यांच्या शब्दाला केवढा मान! त्यांच्या लॅबमधून निघणाऱ्या प्रत्येक निबंधावर पहिलं नाव त्यांचंच असे. डॉक्टर त्यांचेच जुने विद्यार्थी; त्यांचा निबंध तेवढा किरकोळ वाटल्याने सरांनी त्यावर नाव घातलं नव्हतं.

"हा निबंध म्हणजे आपल्या क्षेत्रातला दीपस्तंभ आहे," थोरले सर म्हणाले.

डॉक्टरांना बायकोची ताकीद आठवली. पण ती स्तुती ऐकून घेणं त्यांच्या जिवावर आलं.

"सर, दीपस्तंभ खराच. इथे आपटू नका, हे कळायलाच लोक तिकडे बघतायत." आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

एका परीक्षकाचं बिस्किट चहात पडलं. दुसऱ्याने दरडावून विचारलं, "या पेशी आणल्या कुठून तुम्ही?"

डॉक्टर बुटांकडे बघत राहिले.

"सांगा, सांगा. घाबरू नका," थोरले सर मायेने म्हणाले.

"तुमच्याच लॅबमधून, सर. तुम्ही स्वतःच्या हाताने कुपी दिली होतीत."

थोरल्या सरांनी जन्मभर त्याच पेशींवर काम केलं होतं.

"मग माझ्या पेशी कुणी का नाही तपासल्या?"

"तुमच्यावर शंका घ्यायचं कुणाच्या मनातच आलं नाही, सर."

"आणि माझे ते एवढे दाखले?"

"लोकांनी विश्वासाने दिलेत."

थोरल्या सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हातारा माणूस एकदम लहान दिसायला लागला, आणि डॉक्टरांना मनापासून वाईट वाटलं.

"म्हणजे तुमचा निबंध निदान कुणीतरी वाचला तरी," थोरले सर हळूच म्हणाले आणि त्यांनी बढतीच्या कागदावर सही केली.

ही सही प्रामाणिकपणाला की भीतीला, याचा विचार करत डॉक्टर जिना उतरत होते. तेवढ्यात मागून हाक आली. थोरले सर धापा टाकत येत होते.

"चूक दुरुस्त करणारा निबंध लिहायलाच हवा हो. आपण दोघं मिळून लिहू."

"जरूर, सर. पहिलं नाव अर्थात तुमचं..."

"छे, छे! तुमचंच टाका." थोरल्या सरांनी इकडेतिकडे पाहिलं. "माझं ते शेवटी आभारांत टाका. तिथपर्यंत कुणी वाचत नाही."