शकीलमियाँनी काढलेलं पंक्चर

अब्रारच्या बैठकीतल्या काचेच्या टाकीत सकाळपासून मासे वर येऊन तोंडं उघडत होते, आणि त्याच्या बायकोला, निलोफरला, ते काही बरं दिसत नव्हतं.

"अजी, मासे हापून राह्यले!"

"हापत नाईत, लाडात आले. मॅडम येनार हाये ना आज."

मॅडम म्हणजे मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका प्रेरणाबाई. शाळेला झाडांसकट माशांची टाकी हवी होती. नमुना पसंत पडला तर अब्रारला टाक्यांच्या नव्या धंद्यातलं पहिलं काम मिळणार होतं. पण टाकीतली झाडं आठवडाभर पिवळी पडत चाललेली. त्यांना हवा असतो कार्बन डायऑक्साइड. म्हणून त्यानं आदल्या संध्याकाळी कोल्ड्रिंकच्या बाटलीत साखर, कोमट पाणी आणि यीस्ट घालून झाकणातून एक नळी टाकीत सोडली. यीस्ट चिमूटभर पुरतं. पण घाई होती, म्हणून निलोफरनं नानसाठी आणलेलं अख्खं पाकीट त्यानं ओतलं.

अब्रार समोसे आणायला गेला आणि त्याचे वडील शकीलमियाँ बैठकीत आले. राळेगावात कोणी नवी सायकल घेतली की आळीतली माणसं घंटी वाजवून बघायला यायची, त्या काळापासून चाळीस वर्षं त्यांनी एसटी स्टँडसमोर पंक्चरं काढली होती. टाकीतल्या नळीच्या टोकातून बुडबुडे निघताना दिसले आणि त्यांचे हात शिवशिवले. पाण्यात बुडबुडा म्हणजे पंक्चर, याला चाळीस वर्षांत अपवाद नव्हता.

"निलोफर बेटा, या नळीतून हवा जाऊन राह्यली."

"जाऊ द्या ना अब्बा."

"जाऊ द्या म्हनते! पंक्चर पाहून कोनी सोडून देते काय?"

त्यांनी टोक पुसलं, कानशीनं घासलं, सोल्यूशन लावलं, वर रबराचा तुकडा गच्च बसवला. वाळल्यावर पुन्हा पाण्यात बुडवून पाहिलं. एकही बुडबुडा नाही. समाधानानं ते नमाजला गेले.

दुपारी प्रेरणाबाई आल्या तेव्हा मासे खाली उतरून मजेत फिरत होते.

"किती छान! पण झाडांना गॅस कुठून मिळतो?"

अब्रारनं ऐटीत टाकीमागची बाटली दाखवली. ती दगडासारखी टणक झाली होती. "एकदम सेफ, मॅडम," म्हणत त्यानं बाटलीला हात लावला मात्र, झाकणातली नळी फाट्‌कन सुटली. आंबूस फेसाचं कारंजं छतापर्यंत गेलं आणि परतताना समोशांवर आणि बाईंच्या चष्म्यावर उतरलं.

बाईंनी चष्मा काढून हुंगला. "अब्रारभाई, घरात दारू गाळता काय?"

"तौबा तौबा! यीस्ट हाये, मॅडम!"

"सात पिढ्यांत कोनी थेंब नाई घेतला," निलोफर कडाडली, "अन् तुम्ही छताले पाजली!"

तेवढ्यात शकीलमियाँ परतले. त्यांनी सुटलेली नळी उचलली. "काहून, पुन्हा पंक्चर? सकाळीच तं काढलं म्या!"

अब्रारनं त्यांच्या हातातली नळी ओढून घेतली. "अब्बा, ते बुडबुडे निघालेच पायजे होते!"

"पन अब्बानं ते बंद केल्यावरच मासे हापायचे थांबले," निलोफर म्हणाली.

"मग बरोबर," विज्ञान शिकवणाऱ्या प्रेरणाबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "गॅस जास्त झाला की मासे गुदमरतात. आजोबांनी वाचवले ते. पण शाळेत हे असं उडालं तर?"

शकीलमियाँ बाटली फिरवून पाहत होते.

"नानचं खमीर चिमटीभर. ट्यूब पाहून हवा भरतात, बाई. मधात एक पान्याची बाटली ठेवा, फेस तिथंच अडकते. टाकीचं पानी मांगं फिरू नये म्हनून सायकलचा वॉल. जोर वाढला तं हवेले बाहेर जायची वाट. अन् मासे वर आले का नळी काढून घ्यायची."

बाईंनी काम तिथंच पक्कं केलं.

पुढच्या सोमवारी सातवीच्या मुली नव्या टाकीभोवती गोळा झाल्या होत्या. शकीलमियाँ खुर्चीवर बसून सांगत होते, आणि अब्रार दोन भरलेल्या बादल्या धरून मागे उभा होता.

"आजोबा, हे कोन?" एकीनं विचारलं.

"हा होय?" शकीलमियाँनी मान वळवून त्याला नीट पाहून घेतलं. "हा माहा पोरगा. हुशार हाये. अजून शिकून राह्यला."