हवालदारांची मुंबई

उंब्रजच्या हंबीरराव हवालदारांनी त्या सकाळी ठरवलं ते एवढंच, की गुंडाच्या हॉटेलात बसलेल्या गोऱ्या बाईला मुंबईबद्दल दोन शब्द सांगावेत. दोनच! चहा संपेपर्यंत. (गुंडाच्या कपातला चहा संपायला तसा कितीसा वेळ लागतो म्हणा.) पण पुढं जे रामायण झालं, त्यापायी हवालदार आजतागायत हायवेच्या पलीकडच्या हॉटेलात चहा पितात.

हवालदार आणि मुंबई हे काय प्रकरण आहे ते आधी सांगतो, नाहीतर तुमचा गोंधळ व्हायचा. हंबीरराव फौजेतून पेन्शन घेऊन आले त्याला बरीच वर्षं झाली. ऊस, दोन म्हशी आणि गुंडाच्या हॉटेलातला कोपऱ्यातला बाक एवढाच आता त्यांचा कारभार. पण एकाहत्तरच्या लढाईत आपण मुंबईच्या किनाऱ्यावर होतो, आणि आपण होतो म्हणून मुंबई आज जागेवर आहे, हे त्यांनी गावाला सांगून सांगून पाठ करून घेतलं होतं. कुणीही मुंबईला निघाला की आधी हवालदारांना विचारून जायचा. हवालदार मिशीला पीळ भरायचे आणि म्हणायचे, "समुद्र डाव्या अंगाला ठिवायचा आन सरळ चालायचं. मानूस चुकतच न्हाई!"

खरी गोष्ट फक्त त्यांच्या कारभारणीला, शालूबाईंना ठाऊक होती. लढाई चालू होती हे खरं. हवालदार मुंबईत होते हेही खरं. पण ते होते कुलाब्याकडच्या लष्करी दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावरच्या खाटेवर. मुंबईत उतरले त्या दिवशी आजारी पडले, आणि बरे झाले त्या दिवशी थेट पठाणकोटच्या गाडीत बसवले गेले. मुंबई म्हणून त्यांनी काय पाहिली असेल ती खाटेजवळच्या खिडकीतून. आजार कुठला, हे तर त्यांनी शालूबाईंना गळ्याची आण घालून सांगितलं होतं, आणि त्या माउलीनं ती आण आजवर पाळली होती.

एवढ्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं. अडलं ते क्रांतीचं. क्रांती ही त्यांची एकुलती एक लेक, कराडच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. मुंबईच्या एका विमा कंपनीनं तिला मुलाखतीला बोलावलं होतं, आणि मुलाखत उद्यावर आली होती. उतरायला काळाचौकीला सयाजीमामा होता. पण हवालदार अडून बसले.

"म्हमई मी बगितलीया. एकट्या पोरीचं काम न्हाई त्ये!"

"मग आबा, तुमी चला की सोबत."

त्यावर हवालदारांना एकाएकी म्हशीची धार काढायची आठवण झाली. (भर दुपारी!) खरी गोम तिथंच होती. सोबत गेलं, आणि दादरला उतरल्यावर लेकीनं विचारलं, 'आबा, आता कुनीकडं?' तर? इतक्या वर्षांची अब्रू फुटपाथवर सांडायची. पोर हुशार आहे, तिनं जायला पाहिजे, हे त्यांनाही कळत होतं. आतून जीव तुटत होता बिचाऱ्यांचा. पण तोंडातून 'जा' म्हणून शब्द फुटत नव्हता. घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं, आणि शालूबाई भाकरी थापायच्या ऐवजी आपटत होत्या.

अशात सांगलीहून मुंबईला निघालेली गाडी गुंडाच्या हॉटेलासमोर पंक्चर झाली. ड्रायव्हर-कंडक्टर जॅक शोधत गावात गेले, पाशिंजरं चहाला उतरली, आणि त्यांच्यात ही मार्थाबाई. हॉलंडची. पन्नाशीची, एकटी, पाठीवर धान्याच्या पोत्याएवढी पिशवी. सांगलीजवळची जमिनीखालची हळदीची पेवं बघायला आली होती म्हणे. (माणूस कशापायी कुठून येईल, सांगता येत नाही. आमच्यातले सांगलीला जाऊन भडंग खातात आणि परत येतात.) तिनं गुंडाला काहीतरी विचारलं. त्यातलं 'बॉम्बे' तेवढं गुंडाला कळलं, आणि त्यानं हवालदारांकडं बोट केलं.

"मॅडम, सिट डाऊन!" हवालदार गरजले.

बाई बसलेलीच होती. ती दचकून उभी राहिली.

हवालदारांचं इंग्रजी परेडच्या मैदानापुरतं. 'अटेन्शन' आणि 'स्टँड ॲट ईझ' झाल्यावर पुढं काय बोलायचं? म्हणून त्यांनी घरी निरोप धाडला, क्रांतीला लावून द्या. हाच त्यांचा घात झाला. क्रांती आली ती गाल फुगवूनच आली, आणि तिच्यामागं, गोरी बाई कशी दिसते ते बघायला, शालूबाईही आल्या.

"आबा, ह्या इचारत्यात, मुंबईत परक्या मानसानं काय काय सांभाळावं?"

झालं! हवालदारांनी बाकावर मांडी घातली.

"पयली गोष्ट. अनोळखी मानसानं 'ह्ये जरा धरा' म्हनलं, तर धरायचं न्हाई. कुनाचं गठुडं घ्यायचं न्हाई. देव जरी आला तरी न्हाई!"

क्रांतीनं इंग्रजीत सांगितलं. मार्थाबाईनं लक्षात ठेवायला एक बोट दुमडलं. ते बघून हवालदारांना आणखीच चेव आला.

"पैसं एका जागी ठिवायचं न्हाईत. थोडं पिशवीत, थोडं कमरंला, थोडं बुटात. पर देवळाभाईर बूट काडाय लागतोय, तवा देव बगायच्या आदी बुटातलं कमरंला घ्यायचं. टॅक्सीत बसायच्या आदी मीटर पाडलाय का बगायचं. पत्ता एकाला इचारायचा न्हाई, तिगांना इचारायचा. दोगं सांगतील तिकडं जायाचं."

"आन तिगांनी तीन वाटा दावल्या तर?" क्रांतीनं विचारलं.

"तर च्या प्यायचा!"

हॉटेल भरून गेलं होतं. समोरच्या एसटीडी बूथचा आप्पासोसुद्धा बूथ उघडा टाकून आला होता. समुद्रात गुडघ्याच्या वर उतरायचं नाही, शहाळं आपल्यासमोर फोडून घ्यायचं, होडीत मधोमध बसायचं, असं करता करता बाईचा एक हात संपून दुसरा सुरू झाला. मग तिनं विचारलं, समुद्र कुठून बघावा?

हवालदारांचा आवाज खाली आला.

"कुलाब्याला जायाचं. लष्कराच्या हद्दीपाशी पिवळी इमारत हाय. दुसरा मजला, कडंची खिडकी. तितं निवांत बसायचं. सकाळच्या पारी कोळ्यांच्या होड्या निगत्यात, आन सांजंला सगळं पानी तांब्याच्या घंगाळावानी व्हतं. तसा समुद्र दुनियेत कुटं न्हाई, मॅडम."

एवढं मात्र अगदी खरं होतं. हवालदार इतक्या जीव लावून बोलले की गुंडानं स्टोव्ह बारीक केला. मार्थाबाईनं ते बोट घट्ट दुमडलं. शालूबाईंनी तेवढा तोंडाला पदर लावला.

शेवटी बाईनं एकच विचारलं. एकट्या बाईला मुंबईत भ्यायचं काही कारण आहे का?

"भ्यायचं? म्हमईत?" हवालदारांनी बाकावर थाप मारली. "आवं, एकटी बाई म्हमईत जितकी सुखानं फिरती, तितकी आमच्या आठवड्याच्या बाजारात फिरत न्हाई! निस्तं ताठ चालायचं. केसाला धक्का लागनार न्हाई. ही हंबीरराव हवालदाराची ग्यारंटी!"

क्रांतीनं ह्याचं इंग्रजी केलंच नाही. ती वडिलांकडं वळली.

"आबा, ही ग्यारंटी हॉलंडच्या बाईलाच हाय, का उंब्रजच्या पोरीला बी?"

हवालदारांनी रिकामा कप तोंडाला लावला.

"तसं न्हवं गं... तुला सोबत नगं का कुनाची?"

"सोबत मॅडमची. गाडी बी हीच."

"हवालदार," आप्पासो म्हणाला, "पोरगी कायद्याचं बोलती."

"ग्यारंटी दिली न्हवं चारचौगांत?" शालूबाई उठल्याच. "मग मी भाकरी बांदते." आणि हवालदारांनी 'आगं' म्हणेपर्यंत त्या रस्त्यापलीकडं गेल्यासुद्धा.

शालूबाई भाकरी बांधायला लागल्या, म्हणजे गावाला कळलं. आणि आमच्याकडं मुंबईला जाणारा माणूस रिकाम्या हातानं जातच नाही. निम्मं गाव मुंबईत माथाड्याचं काम करतं. त्यांच्यासाठी घरटी एक गठुडं बांधून तयार असतं, जाणारं कोण घावतंय तेवढीच वाट. बघता बघता हॉटेलासमोर कारळ्याची चटणी आली, काकवीचा डबा आला, जोंधळ्याचं पीठ आलं. बनुबाई तर धापा टाकत वरवंटा घेऊन आली.

"आमच्या मानसिंगच्या बायकूला द्या. पाटा मागल्या खेपंला गेलाय, ह्यो ऱ्हायला हुता."

क्रांतीचे हात केव्हाच भरले होते. बनुबाईनं वरवंटा मार्थाबाईच्या ओंजळीत ठेवला. बाईनं तो कसाबसा काखेत मारला आणि हवालदारांपुढं पहिलं बोट उभं केलं.

"आबा, त्या म्हनत्यात, पयला नियम?"

हवालदार फौजी गडी, पण क्षणभर त्यांनाही घाम फुटला. "तिला म्हनावं, नियम म्हमईत लागू. हितं उंब्रजची हद्द हाय."

"त्या म्हनत्यात, ह्या आजींना मी वळखत न्हाई."

"मी तरी हिला कुटं वळकती?" बनुबाई कडाडली. "तरी देतीया न्हवं?"

ह्याला हॉलंडात काय उत्तर असेल ते असो, मार्थाबाई वरवंट्यासकट गाडीत चढली.

गाडी सुरू झाली तसे हवालदार खिडकीपाशी धावले. लेकीला काय काय सांगायचं होतं. "पोरी, वाट चुकलीस तर..."

"समुद्र डाव्या अंगाला ठिवते, आबा," क्रांती हसून म्हणाली, आणि गाडी गेली.

त्यानंतर हवालदारांनी बाक सोडला नाही. आप्पासोच्या बूथवर फोन वाजला की उठायचे, पुन्हा बसायचे. कुणी मुंबईचं नाव काढलं तर 'गप रं' म्हणायचे. आपल्या बोलण्यावर पोर धाडली आणि आपल्याला मुंबईतला एक रस्ता माहीत नाही, ह्या विचारानं त्यांना चहासुद्धा गोड लागत नव्हता. अखेर आठवड्याच्या बाजारादिवशी, हॉटेलात पाय ठेवायला जागा नाही अशा वेळी, आप्पासो ओरडत आला.

"हवालदार! क्रांतीचा फोन! नोकरी लागली!"

बाजाराला आलेल्या शालूबाई हातातली पिशवी टाकून आत धावल्या. हवालदारांनी डोळे पुसले आणि तिथल्या तिथं अख्ख्या हॉटेलाला चहा सांगितला.

"थांबा, फोन टेबलावर ठिवून आलोय, सगळं सांगू द्या," आप्पासो म्हणाला. "वरवंटा पोचला. मॅडमला मानसिंगच्या बायकूनं जेवू घालूनच सोडली. तुमचं समदं नियम त्यांनी पाळलं. फकस्त शेवटचा ऱ्हायला."

"कुठला?"

"समुद्राचा. दोगी कुलाब्याला गेल्या, पिवळी इमारत बी घावली. पर फाटकावरचा शिपाई आत सोडंना. म्हनतो, ह्यो दवाखाना हाय. दुसऱ्या मजल्यावर साथीच्या रोगाचं पेशंट. आजारी पडल्याबिगर खिडकी मिळायची न्हाई."

हॉटेलातल्या सगळ्या माना हवालदारांकडं वळल्या. आप्पासोला त्याचं काही नव्हतं. निरोप पुरा केल्याशिवाय तो सोडायचा नाही.

"पर मॅडमचा भरोसा तुमच्यावर. त्या म्हनत्यात, हवालदार बसलं हुतं म्हंजी वाट आसनारच. त्या इचारत्यात, त्या खिडकीसाठी आजार कुठला लागतोय?"

हवालदारांनी शालूबाईंकडं पाहिलं. असं पाहिलं की दगडाला पाझर फुटावा. पण लेकीला नोकरी लागलेली, आनंद पोटात मावत नव्हता. तिथं गुपित कुठलं मावणार?

"आप्पासो, सांगा तिला," शालूबाई पदर सावरत म्हणाल्या. "गालगुंड!"

आप्पासो विसरू नये म्हणून मोठ्यानं घोकतच रस्ता ओलांडून गेला. हॉटेलात कुणी हसलंसुद्धा नाही, इतकं सगळ्यांना हसू आलं होतं. हवालदारांनी नकळत दोन्ही हातांनी दोन्ही गाल झाकून घेतले.

गुंडानं त्यांच्यापुढं चहा ठेवला आणि अगदी आपुलकीनं विचारलं, "अजून दुखत्यात व्हय?"