अण्णांच्या बिया, आमचा फ्रिज

नव्वदच्या दशकात आमच्या फ्रिजमध्ये दुधापेक्षा जास्त मान सफरचंदाच्या बियांना होता. बिया आमच्या नव्हत्या. समोर एकटे राहणाऱ्या श्रीपादअण्णांच्या होत्या.

त्यांचा फ्रिज बिघडला, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या बियांचा डबा त्यांनी आणून दिला. "चार दिवस ठेवा, वैनी." त्याला तीन महिने झाले. धारवाडच्या आमच्या माळमड्डीत दुरुस्तीवाल्यांची वाण नव्हती, पण विचारलं की अण्णा म्हणायचे, "पार्ट यायचाय, हुबळीहून."

रोज संध्याकाळी शाळेत शिकवून आल्यावर मी पाय पसरते न पसरते तोच बेल वाजे. अण्णा फडकं उलगडत, एकेक बी डोळ्यांजवळ धरत आणि निकाल देत, "अजून झोपलंय." मग चहा.

निवृत्तीआधी ते सरकारी खात्यात बियाणं तपासायचे. चहाबरोबर व्याख्यान ठरलेलं. "बी मेलेलं नसतं हो. पोटातलं ॲब्सिसिक आम्ल त्याला उठू देत नाही. ओलाव्यात पुरती थंडी सोसली की ते उतरतं, जिबरेलिन चढतं आणि बीला उठवतं. धारवाडात सफरचंदाला हिवाळा कुठला? म्हणून तुमचा फ्रिज, नोड्री, बघा की!"

माणसांनाही हेच माप. आमचे हे रविवारी उशिरापर्यंत लोळले, तर "साहेबांचं ॲब्सिसिक उतरलं नाही वाटतं?" स्कूटर चालू होईना, तर "जिबरेलिन कमी पडलं." वीज गेली की धावत येऊन फ्रिजच्या दाराला पाठ लावून उभे राहत. "उघडू नका, वैनी, हिवाळा जाईल!" दूध आत, पाहुणे बाहेर.

खरं सांगते, मला अण्णांचा कंटाळा आला होता. दिवसभर वर्गात ओरडून आल्यावर घरात कुणी चकार शब्द बोलू नये असं वाटे.

मग एकदा अण्णा येईनासे झाले. ताप आलाय, असं त्यांच्या कामवालीनं सांगितलं. मी दोन दिवस निवांत चहा प्याले. तिसऱ्या दिवशी डबा उघडला, तर बिया फुटलेल्या. काहींची पांढरी मुळं पेरभर लांब झाली होती. हे काही दोन दिवसांतलं काम नव्हतं. अण्णांना दिसलं कसं नाही? पण सुटले एकदाची, म्हणून डबा खांद्यावरच्या पिशवीत टाकला आणि थोडी पेज घेऊन त्यांच्याकडे गेले.

"तुम्ही कशाला त्रास घेतलात, वैनी?" म्हणत ते उठून बसले. कपाळ चटके देत होतं. पट्टीसाठी पाणी आणायला मी स्वयंपाकघरात गेले, सवयीनं फ्रिजचं दार ओढलं आणि मग आठवलं, हा तर बिघडलेला.

आत दिवा लागला. गार हवा अंगावर आली. एक पाण्याची बाटली, अर्धं लिंबू, बाकी सगळा रिकामा.

वळून बघते तर अण्णा भिंत धरून दारात उभे. "वैनी, तो पार्ट..."

मी दार लावलं. "आला नसेल अजून. येईल सावकाश, आमची काही अडचण नाही."

"आणि बिया?" त्यांनी घाबरत विचारलं.

मी पिशवी पदराआड घेतली.

"अजून झोपल्यात, अण्णा. बरे झालात की येऊन बघा."