यज्ञेश्वरची विणलेली हिरवळ

"सोलापुरात स्कॉटलंड आणतो की नाही, बघाच!" यज्ञेश्वरनं कचेरीत टेबलावर मूठ आपटली आणि शाईची दौत स्वतःच्याच धोतरावर पाडली.

हा यज्ञेश्वर एका गिरणीत मॅकी इंजिनियरसाहेबाच्या हाताखाली नकाशे काढायचा. मॅकीसाहेब म्हणजे गोल्फच्या माहेरचा, स्कॉटलंडचा माणूस, आणि गोऱ्यांच्या गोल्फ क्लबाचा सेक्रेटरी! गावाबाहेर तारेच्या कुंपणात त्यांचं माळरान होतं. तिथं साहेबलोक काठीनं चेंडू हाणत हाणत खळग्यात घालायचे. आपल्या माणसानं आत जायचं ते फक्त चेंडू वेचायला. यज्ञेश्वरला मात्र खेळायचंच होतं. त्या तारेच्या आत एक तरी टोला हाणल्याशिवाय गड्याला अन्न गोड लागेना! घरी छत्रीच्या मुठीनं लिंबं टोलवून त्यानं लोणच्याची बरणी फोडली होती, आणि त्याची बायको प्रभा तुकडे वेचून वेचून कावली होती.

शेवटी साहेबानं नवव्या खळग्याचा आराखडा त्याच्याकडं दिला. यज्ञेश्वरनं जीव ओतला. इथं वाळूचे खड्डे, तिथं ओढ्याला वळसा, आणि शेवटी खळग्याभोवती मऊशार हिरवळ! नकाशा असा फक्कड उतरला, की साहेब खूश झाला.

"रविवारी उद्घाटनाचा टोला तू मारणार! चेंडू आत गेला, तर दर रविवारी खेळ. नाही गेला, तर नकाशे काढ."

बाकी सगळं जमलं हो, पण गवत उगवेना! सोलापूरचं ऊन ते. चार काड्या वर आल्या, त्या शेळ्यांनी खाल्ल्या. रविवार तोंडावर आला. यज्ञेश्वर घरात नुसता येरझाऱ्या घालू लागला, आणि घालता घालता चादरीत पाय अडकून पालथा पडला. पडल्या पडल्याच ओरडला, "सापडलं! हिरवळ विणून घ्यायची!"

तिप्पण्णा विणकरानं हिरव्यागार पट्ट्या विणल्या. पण मधे खळग्यापुरतं भोक ठेव म्हटल्यावर तो भडकलाच.

"भोक? माझ्या मागावर? लोकं काय म्हन्तील! तुमाला काय फाडायचं ते घरी नेऊन फाडा की!"

घरी प्रभानं पट्ट्या जोडल्या. "अहो, पण हे अंथरायचं का पांघरायचं?"

"तुला नाही कळायचं!" यज्ञेश्वर खेकसला. ती पाण्याला गेल्यावर त्यानं कात्रीनं मधोमध वाटीएवढं भोक पाडलं, गुंडाळी कोपऱ्यात उभी केली आणि दाढी करायला न्हाव्याकडं पळाला.

रविवारी सकाळी तिप्पण्णाला घेऊन त्यानं ती हिरवळ माळावर ताणून खुंट्या ठोकल्या. बघतो तर काय, भोकच नाही!

रांगत रांगत यज्ञेश्वर कापड चाचपू लागला. मधोमध हाताला बारीक टाके लागले. प्रभाचा रफू! खाली खळगा पोकळ लागत होता, पण कात्री घरी. त्यानं पालथं पडून दातानं टाके उसवायला घेतले. रफू कसला, किल्लाच तो! एक टाका हलेना.

एवढ्यात मोटारी आल्या. पालथा यज्ञेश्वर बघून पाहुणे साहेब म्हणाले, "पूजा चालली असावी," आणि त्यांनी आदरानं टोप्या काढल्या.

आता सांगावं, तर साहेब हाकलणार. न सांगावं, तर चेंडू जाणार कुठं? खळग्यात रोवायचं निशाण रोवायला भोकच नव्हतं, म्हणून यज्ञेश्वरनं ते तिप्पण्णाच्या हातात देऊन त्याला खळग्यापाशी उभं केलं. साहेबलोक लांब तंबूच्या सावलीत बसले. कुंपणाबाहेर बैलगाडीपाशी प्रभा नवं लुगडं नेसून टाचा उंचावून बघत होती.

यज्ञेश्वरनं देवाचं नाव घेतलं आणि टोला हाणला. काय निघाला म्हणता चेंडू! सरळ सुतात! जन्मात असा टोला त्याला जमला नव्हता. चेंडू बरोबर खळग्यावर आला, जरासा दबला, आणि पुढं जाऊन तिप्पण्णाच्या अंगठ्याला टेकला.

"अरेरे! गेला नाही," मॅकीसाहेब लांबून म्हणाला. "उद्यापासून नकाशे!"

यज्ञेश्वर मान खाली घालून कुंपणाबाहेर आला. प्रभाचा चेहरा मात्र आनंदानं नुसता फुलला होता.

"काल ते भोक बघून धस्सच झालं हो मला! म्हटलं, मेल्या उंदरांनी खाल्लं, आता साहेब ह्यांना बोलणार. पण बघितलंत ना? चेंडूलासुद्धा रफू कळला नाही!"