बॅटरीवाल्या इद्रिसचा हिरवा दिवा

"माझी बॅटरी अकरा वर्षांत एकदाही बसलेली नाही!"

हे इद्रिस प्रोबर्ट ज्याला त्याला ऐकवायचा. पोस्टमनला, दातांच्या डॉक्टरला, एकदा तर दफनविधी चालू असताना पाद्रीबाबांनासुद्धा! वेल्सच्या त्या डोंगराळ गावात माणसाला त्याच्या कामावरून नाव पडतं. इद्रिसने तीस वर्षं बस चालवली, पण नाव पडलं बॅटरीवाला. तारे बघणाऱ्यांच्या मंडळात दुर्बिणीची मोटर फिरवायला वीज लागते, भिंगावर दव बसू नये म्हणून गुंडाळायच्या गरम पट्टीला वीज लागते, आणि थंडीत सगळ्यांच्या बॅटऱ्या माना टाकतात. इद्रिसची नाही! वीस किलोचं ते धूड त्याची बायको नेस्टा हिच्या बाजाराच्या ढकलगाडीत बसून ऐटीत यायचं.

नेस्टा मार्चमध्ये गेली. ढकलगाडी तेव्हापासून जिन्याखाली होती.

नोव्हेंबरात मंडळाच्या चिटणीस बेरिलबाईंचा फोन आला. "गुरुवारी संध्याकाळी सहाला, धरणावरच्या कुरणात. शनी दिसणार आहे. या हो आता. किती दिवस घरात बसाल?"

शनी म्हटल्यावर त्याला नाही म्हणता येईना. नेस्टाला ताऱ्यांतलं ओ की ठो कळत नसे. ती थर्मास घेऊन यायची, घडीच्या खुर्चीत बसून अंधारात विणायची आणि वर्षातून एकदा, शनीपुरती, उठायची. एक डोळा मिटून बघायची. "टोपी आहे हो अजून डोक्यावर," शनीचं कडं बघून म्हणायची आणि परत खुर्चीत. झालं तिचं वर्षाचं खगोलशास्त्र! यंदा टोपी बघायची आणि घरी येऊन तिच्या फोटोला सांगायचं, एवढंच इद्रिसला हवं होतं.

सोमवारी त्याने बॅटरी चार्जिंगला लावली. आजवर ते नेस्टाच बघायची, पण त्यात काय मोठंसं? वायर लावली, चार्जरवर हिरवा दिवा लागला. मंगळवारीही हिरवा. बुधवारी जरा मंद वाटला, पण पोट भरल्यावर माणूससुद्धा सुस्तावतोच की!

गुरुवारी ढकलगाडी जिन्याखालून बाहेर निघाली. कुरणात काळोख कसा, शाईच्या दौतीत उतरल्यासारखा. मंडळाचा नियम कडक : पांढरा उजेड म्हणजे महापाप. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो, म्हणून मिणमिणत्या लाल दिव्यांवर काम.

"लावा सगळ्यांनी माझ्यावर!" इद्रिस गरजला. बेरिलबाईंनी गरम पट्टी लावली. मंडळातला त्याचा जुना दोस्त ग्विलिम, त्याने कॅमेरा लावला, शिवाय विजेवर तापणारे मोजे!

"मोजेसुद्धा?"

"बॅटरीवाला आहेस ना रे? मग पाय गरम कर माझे!"

इद्रिसने शनीचं बटण दाबलं. दुर्बीण घुंईं करत वळली, कण्हली आणि थेट एका मेंढीवर रोखून थांबली. कॅमेरा बंद. पट्टी गार.

"माझे पाय!" ग्विलिम ओरडला.

"घाबरू नका! मोटारीवरून घेतो वीज!" इद्रिस धावला. मोटारीचं दार उघडलं आणि आतला दिवा भक्कन लागला.

"उजेड!" बेरिलबाई किंचाळल्या. "डोळे गेले आमचे! बंद करा!"

घाईत त्याने किल्ली फिरवली. अंधार दिसताच मोटारीने आपणहून पुढचे दोन्ही दिवे लावले. ते विझवायला गेला तर कोपर भोंग्यावर! चाळीस मेंढ्या उधळल्या. एकीच्या पायात मोज्यांची वायर अडकली. ती निघाली धरणाकडे, मागे ढकलगाडी, आणि गाडीमागे ग्विलिम, कारण मोजे अजून त्याच्या पायात होते!

पुढचं लोक अजून सांगतात. असो.

गाडी चरात पालथी पडली. मेंढी सुटली. ग्विलिम लंगडत आला. "लेका इद्रिस, चार्ज केली होतीस ना?"

"तीन दिवस! हिरवा दिवा होता!"

"तो दिवा बॅटरीच्याच जिवावर जळत असेल. भिंतीवरच्या सॉकेटचं बटण चालू होतं का?"

इद्रिसने कपाळावर हात मारला. नेस्टा रोज रात्री झोपण्याआधी घरभर फिरून सगळी बटणं बंद करायची. आग लागेल म्हणून! टक, टक, टक. मार्चपासून घरात तो आवाज बंद झाला, ते इद्रिसला सोसेना. म्हणून आता रोज रात्री तोच फिरतो. सोमवारी रात्रीही फिरला होता.

त्याने हे सांगितलं. कुणी हसलं नाही.

मग ग्विलिम म्हणाला, "म्हणजे अकरा वर्षं बॅटरीवाली नेस्टाच होती तर!" आणि सगळ्यात आधी इद्रिसच फस्सकन हसला. मग बराच वेळ त्याला नाक पुसावं लागलं.

बेरिलबाईंनी दुर्बिणीच्या पकडीचा स्क्रू सैल केला. "मोटर नसली म्हणून काय झालं? हाताने ढकला." तिघांनी मिळून ढकलली. शनी आला, आणि मोटर नसल्यामुळे अर्ध्या मिनिटात सरकत निघूनही गेला.

"दिसला?" ग्विलिमने विचारलं.

"टोपी आहे," इद्रिस म्हणाला.

चहा आणायचं कुणाच्याच लक्षात नव्हतं.

घरी येऊन त्याने फोटोला सगळं सांगितलं, मेंढीसकट. मग बॅटरी चार्जिंगला लावली, बटण दोनदा तपासलं आणि बाकीची टक, टक, टक, कोपऱ्यातलं आजवर नजरेतून सुटलेलं एक धरून, सगळी बंद करून झोपला.

सकाळी बॅटरी तुडुंब भरली होती आणि स्वयंपाकघरात पाण्याचं तळं होतं. फ्रीझरचं बटण बंद! नेस्टा तेवढं एक वगळायची, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्याने फोन उचलला. "ग्विलिम, आज जेवायला ये. बेरिलबाईंनाही घेऊन ये. मासे आहेत."

"किती?"

"डिसेंबरपर्यंतचे!"