पूर्ण, अर्धे, मोफत

आमच्या समितीत बोलायचं असेल तर हात वर करतात. सोनवणे अण्णा हात वर करत नाहीत. ते खिशातून तिकिटाला भोक पाडायचा लोखंडी चिमटा काढतात आणि टेबलाच्या कडेवर वाजवतात. टक्, टक्, टक्. मग सगळे गप्प होतात. काहीजण नकळत खिशात सुटे पैसे चाचपतात.

अण्णांनी एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरी केली, त्यातली एकोणीस नाशिक-येवला. पुढे तिकिटाचं मशीन आलं, तरी चिमटा अण्णांकडेच राहिला. कसा राहिला ते मी विचारलेलं नाही.

नोकरी सुटली, पण तिची वाक्यं सुटली नाहीत. लग्नाच्या पंगतीत, लिफ्टमध्ये, देवळाच्या रांगेत अण्णा मागून आवाज देतात, "पुढं सरका, पुढं लय जागा हाय." एकदा एकाच्या दहाव्याला घाटावर फार गर्दी झाली होती. अण्णांनी सवयीने तेच सांगितलं. पुढे गोदावरी होती.

समिती म्हणजे आमच्या प्रभागाची सायकल व पादचारी सल्लागार समिती. दर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत बैठक असते. आम्ही नऊ सदस्य. त्यातले सात सायकलवाले, म्हणजे रविवारी पहाटे त्र्यंबकला जाऊन नऊच्या आत परत येणारे. आठवा मी. मी सातपूरच्या एका कारखान्यात मापं तपासायचं काम करतो. सायकलही चालवतो, पण मला चिटणीस केलं ते टेप बरोबर धरता येते म्हणून. नववे अण्णा. त्यांना सायकल येत नाही. समितीच्या नावातले "पादचारी" ते एकटेच.

सायकलमार्गाचा कुठलाही नकाशा टेबलावर पसरला की अण्णा त्यावर वाकतात, बोट फिरवतात आणि विचारतात, "यात चालणारा कुठंय?"

सायकलवाल्यांचे म्होरके कुलकर्णी. ते बैठकीतही हेल्मेट काढत नाहीत. ते एकदा म्हणाले, "अण्णा, चालणारा वेगळा कशाला दाखवायचा? सायकलवाला खाली उतरला की पादचारीच होतो."

"आणि चालणारा दमला की काय, त्याची सायकल होती?"

अण्णांनी चिमटा वाजवून पुढचा विषय घ्यायला सांगितलं.

अण्णांचा स्वतःचा विषय एकच. द्वारका चौकाच्या अलीकडे आमच्या वस्तीतून जो मोठा रस्ता जातो, तिथे चालणाऱ्यांसाठी सिग्नल हवा. या रस्त्याची रुंदी चोवीस मीटर दहा सेंटिमीटर. मी स्वतः मोजली आहे. मध्ये गुडघ्याइतका दुभाजक. रीतसर पलीकडे जायचं तर वळसा एक किलोमीटर चारशे मीटरचा. रीतसर कुणी जात नाही. दुभाजकाचा एक ठोकळा निघाला आहे, त्या फटीतून सगळे घुसतात. दोन वर्षं प्रत्येक बैठकीत अण्णांनी हा सिग्नल मागितला. शेवटी बैठकीला येणारे अभियंतासाहेब कंटाळून म्हणाले, "संध्याकाळी पाच ते सहा मोजणी करा. तासाला तीनशे माणसं ओलांडत असतील तर प्रस्ताव पाठवतो. नसतील तर अण्णा, हा विषय कायमचा बंद."

"लिहून घ्या," अण्णा मला म्हणाले.

मोजणी त्यांनी एकट्याने केली. मी कारखान्यात होतो, आणि अण्णांना धीर नव्हता. पुढच्या गुरुवारी त्यांनी एका मोठ्या लिफाफ्यातून कागद काढला, साहेबांपुढे ठेवला आणि खुर्चीवर मान खाली घालून बसले. चिमटा खिशातच राहिला.

साहेबांनी आकडा वाचला. "दोनशे पाच."

कुलकर्णी हळूच म्हणाले, "बघा. मी म्हणतच होतो." मग अण्णांच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी हेल्मेटचा पट्टा सैल केला. साहेबांनी विषय बंद करण्यासाठी पेन उघडलं.

मला आकड्याचा नव्हे, कागदाचा संशय आला. मी तो ओढून घेतला. अण्णांनी तीन रकाने आखले होते. पूर्ण : एकशे अठरा. अर्धे : एकशे चौऱ्याहत्तर. मोफत : एक्केचाळीस. खाली एकूण दोनशे पाच.

"अण्णा, हे अर्धे म्हणजे कोण?"

"बायामाणसं, आता त्यांनाबी अर्धंच हाय. आणि पोरं."

"आणि मोफत?"

"पंच्याहत्तरीच्या पुढचे. आणि कडेवरची लेकरं. काय मायक्रोमीटर, एवढं नाय कळत?"

मला ते मायक्रोमीटर म्हणतात. मी रागावत नाही; माझ्या कामाचंच हत्यार आहे ते.

"म्हणजे एकशे चौऱ्याहत्तरचे तुम्ही सत्त्याऐंशी केलेत?"

"अर्ध्याचं अर्धंच होणार ना."

"आणि एक्केचाळीस सोडूनच दिले?"

"पासवाल्याची बेरीज धरत नाय. एकतीस वर्षं असाच हिशोब दिला. कधी चूक निघाली नाय माझी."

"अण्णा, रस्ता ओलांडायला तिकीट नसतं."

अण्णांनी कागद स्वतःकडे घेतला, प्रत्येक रकान्यावरून अंगठा फिरवला. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "म्हणजे आपला सिग्नल मीच घालवला?"

खरी बेरीज तीनशे तेहतीस होत होती. मी ती मोठ्याने सांगितली. साहेब भले माणूस, पण नियमाचे. म्हणाले, "खाडाखोड केलेला कागद पुढे जात नाही. परत मोजा. या वेळी दोघांनी, आणि दोघांचे आकडे जुळले पाहिजेत."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पाचला पाच कमी असताना आम्ही फटीसमोर उभे राहिलो. मी छापील तक्त्यावर पाच-पाच रेघांचे गठ्ठे करत होतो. अण्णांनी तळहाताएवढे पुठ्ठे कापून आणले होते. प्रत्येक माणसामागे एक भोक. पहिली दहा मिनिटं त्यांना फार जड गेली. बाई आली की चिमटा अर्ध्यात थांबायचा.

"पूर्ण, अण्णा."

"पूर्ण!" टक्. "घ्या बाई, तुम्ही पूर्ण."

त्या बाईने वळून आमच्याकडे असं पाहिलं, की मला तक्ता उंच धरून दाखवावा लागला.

कडेवर पोर घेऊन एक बाप आला. अण्णांनी मनाचा हिय्या करून दोन भोकं पाडली. मग मात्र त्यांना चव लागली. साडेपाचला शाळा सुटल्यावर त्यांचा चिमटा असा चालला, की एक रिक्षावाला थांबून विचारता झाला, "काका, येवला कितीला सुटती?"

"सुटली. पुढं सरक, चालणाऱ्याची वाट सोड."

सहा वाजता आम्ही पायरीवर बसून मोजलं. माझ्या रेघा तीनशे एक्केचाळीस. मी दोनदा मोजल्या. अण्णांची भोकं तीनशे बेचाळीस. तीही मी दोनदा मोजली.

"एक जास्त आहे, अण्णा. एखादं भोक चुकून पडलं असेल."

"चुकून नाय पडलं."

"मग मी कुणाला सोडलं?"

अण्णा पुठ्ठा हातात फिरवत राहिले. "ती आली नाय रस्त्यात. पण यायचं होतं तिला."

"कोण?"

"पलीकडं औषधाच्या दुकानापाशी हिरव्या लुगड्याची म्हातारी. वीस मिनटं उभी होती. तीनदा पाय पुढं टाकला, तीनदा मागं घेतला. मग गेली माघारी."

माझ्या लक्षातही आलं नव्हतं. जो ओलांडत नाही त्याला मोजायचं नसतं, एवढंच मला ठाऊक. मी तसं सांगितलं.

"बरोबर हाय तुमचं," अण्णा म्हणाले. "माझी थोरली बहीण हाय ती. अक्का. अठ्ठ्याहत्तर वर्षांची."

ते रस्त्याकडे बघत बोलत राहिले.

"इथंच दिली तिला, आमच्या घरासमोर. समोर दिसतंय ते घर. रस्ता बैलगाडीएवढा होता तवा. पीठ चाळता चाळता यायची, बोलून जायची. रुंदी झाली, मधी हे उभं केलं, तवापासून चार वर्षं नाय आली."

"पण तुम्ही जाता ना तिच्याकडे?"

"रोज जातो. पण ते तिचं सासर, मायक्रोमीटर. तिथं ती सून, आता सासू. पदर नीट करून बसती. सुनेपुढं सगळं बरं हाय म्हणून सांगती. माहेरी बाईनं तिच्या पायानं यायचं असतं, मनाला येईल तवा. मी रिक्षानं आणतो म्हटलं, तर म्हणती, चोवीस पावलांच्या माहेराला रिक्षा? लोक काय म्हणतील?"

मी तक्त्यात तीनशे एक्केचाळीसच लिहिलं. आकड्याशी मी खेळत नाही, आणि अण्णांनीही तसं सांगितलं नाही. तक्त्याच्या शेवटी शेऱ्याचा एक रकाना असतो. तो कुणी भरत नाही. तिथे मी लिहिलं : 'एक ज्येष्ठ महिला वीस मिनिटे थांबून, ओलांडता न आल्याने परत गेल्या.' अण्णांनी ते दोनदा वाचलं. त्यांनी आपल्या पुठ्ठ्यातलं एक भोक पेनाने गोल करून ठेवलं आणि दोघांच्या सह्या झाल्या.

प्रस्ताव गेला. सात महिन्यांनी तीन आठवड्यांच्या चाचणीसाठी सिग्नल लागला. चालणाऱ्यांचा हिरवा दिवा पंचवीस सेकंदांचा होता. फट रुंद करून खाली उतार केला होता. पहिल्या संध्याकाळी मी घड्याळ घेऊन गेलो. अण्णा आधीच येऊन उभे होते, इस्त्रीच्या शर्टात.

पलीकडे अक्का उभ्या होत्या. हिरवा लागला. त्या निघाल्या नाहीत. दुसऱ्यांदा लागला, तरी नाही. मला वाटलं, आता अण्णा इकडून ओरडतील. त्यांचा आवाज स्टँडच्या टोकापर्यंत जायचा. पण ते खांबाला धरून गप्प उभे होते. तिसऱ्या वेळी अक्कांनी पदर खोचला आणि पाय टाकला.

एकतीस सेकंद लागले. शेवटचे सहा सेकंद एक ट्रकवाला हॉर्न न वाजवता थांबला. गाडीचा नंबर मी नोंदवून ठेवला आहे, कारण चांगल्याचीही नोंद असावी.

अक्का कडेला पोचल्या. धाप लागली होती. मागे वळून त्यांनी सगळा रस्ता बघितला. "केवढा केलाय रे मेल्यांनी!" मग भावाकडे पाहून म्हणाल्या, "नुसता उभा काय राहिलास? चहा ठेवलास का?"

"नाय."

"का?"

"दूध नाय घरात," अण्णा म्हणाले. "तुझी भावजय गेली तवापासून ठेवलाच नाय. एकट्यापुरता कोण ठेवतं?"

अक्कांनी कमरेची पिशवी सोडून पैसे काढले, अण्णांच्या हातावर ठेवले आणि लहान भावाला सांगतात तसं सांगितलं, "जा, अर्धा लिटर घेऊन ये. मी होते पुढं. किल्ली दे."